चिमणीचं वजन

५ जानेवारी

चिमणे,

आशीर्वाद आहेतच, ते पत्रागणिक लिहीत बसणार नाही. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, तेवढंच माझं समाधान.

एक गोष्ट आधीच सांगते. हे पत्र मी माझ्या मनाने लिहितेय, तुझ्या बापाने सांगितलं म्हणून नाही. दादा आत्ता लाँड्रीत माझ्या टेबलाशी उभा आहे खरा, पण तो त्याच्या शर्टाला इस्त्री करून घ्यायला आलाय. शर्ट मघाशीच झाला. अजून उभा आहे.

बातमी अशी, की एप्रिलात परदेशातल्या बायकांचा संघ आपल्याकडे रस्सीखेच खेळायला येतोय. आपल्या मैदानावर! ज्या मैदानात पलीकडच्या गॅरेजमधले टायर घरंगळत येतात आणि जिथल्या आपल्या मंडळाच्या खोलीचं छप्पर एका बाजूने आकाश दाखवतं, तिथे आंतरराष्ट्रीय सामना. महासंघाचं पत्र आल्यापासून दादा जमिनीवर चालत नाही. डेपोत म्हणे बसच्या खाली झोपून इंजिन दुरुस्त करतानाही संघाचा सराव घेत असल्यासारखा ‘हे... हो! हे... हो!’ असं ओरडत असतो. कंडक्टरीण सांगत होती, प्रवासी घाबरून उतरले.

तीच कंडक्टरीण सध्या दोराच्या शेवटी, तुझ्या जागी उभी असते. गुणी पोरगी, पण अंगात काय आहे? पुढच्या सात जणी कितीही ओढोत, दोर अंगाभोवती घेऊन शेवटचा गडी जमिनीत रुतायला हवा. ही रुतत नाही, ही जाते. परवा सरावात ती सरळ चुन्याच्या रेषेपलीकडे गेली आणि उठून म्हणाली, “आत्या, तिकीट काढायचं राहिलं.”

तेव्हा तुझी आठवण निघाली. मी काढली नाही, सगळ्यांनीच काढली. मी दादाला म्हटलं, “ती जाताना फाटकाशी काय म्हणाली होती, आठवतंय ना? बाबा सगळ्यांसमोर म्हणतील की चिमणीने चोरून खाल्लं नव्हतं, त्या दिवशी येईन. नाहीतर नाही.”

त्यावर तुझा बाप तेच बोलला, जे दोन वर्षं बोलतोय. “वजनाचा काटा खोटं बोलत नाही.”

काय करू सांग. पालथ्या घड्यावर पाणी.

शहरात थंडी असेल. पार्सलची गाडी चालवताना कान बांधत जा.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं कार्ड आलं. ‘सामन्याला शुभेच्छा.’ बस? पोस्टाने कार्डाचे पैसे घेतले असतील ते पूर्ण कार्डाचे घेतले असतील ना? मग एवढी जागा कोरी कशाला पाठवायची?

असो. निदान हात हलला.

परवा खोलीत मंडळाची बैठक झाली. विषय एकच, हा सामना आपल्याला परवडतो का. पैशांचं मी लिहीत नाही, ते नव्हतेच आणि नसणार. बाकीचं लिहिते.

नर्सबाईंनी तोंड उघडलं आणि जे मनात होतं ते सगळं बाहेर काढलं. म्हणाल्या, “आधी आपण रविवारी यायचो, ओढायचो, पडायचो, हसायचो. कुणाचं वजन किती हे कुणाच्या आईलासुद्धा माहीत नव्हतं. मग आपल्याला परदेशाचं बोलावणं आलं. आठ जणींचं मिळून वजन इतक्याच्या आत हवं म्हणाले, आणि दाराशी तो काटा आला. त्या दिवसापासून बायका मैदानात शिरताना पोट आत घ्यायला लागल्या. शिवणवाल्या काकू गेल्या, शाळेच्या शिपाईणबाई गेल्या. आणि चिमणी गेली. एक सामना खेळायला आपण किती माणसं खर्च केली?”

मग कंडक्टरीण हळूच म्हणाली, “पण मावशी, त्या एका सामन्याच्या प्रमाणपत्रावर मी नोकरीत कायम झाले. माझी आई आता माझ्याजवळ राहते.” तेही खरंच आहे. मैदानावर बिल्डिंग बांधायचा घाट त्याच वर्षी मोडला, कारण पेपरात फोटो आला आणि साहेबांना आपण आहोत हे कळलं. म्हणजे त्या सामन्याने मैदान राखलं आणि मैदानावरची माणसं घालवली. आता याची वजाबाकी तू कर, मला जमत नाही.

मी मात्र बोललेच. म्हटलं, गेल्या वेळी परदेशात त्यांच्या काट्यावर आपला संघ मर्यादेच्या कितीतरी खाली भरला होता. आपण हलक्या होतो म्हणून तर त्यांनी आपल्याला पोरांच्या गाडीसारखं ओढत नेलं. इथून निघताना बरोब्बर काठावर होतो. मग एवढं वजन काय विमानात सांडलं?

दादा म्हणाला, “प्रवासाने उतरलं. सगळ्यांना उलट्या झाल्या.”

“मला नाही झाल्या,” मी म्हटलं. “मी तर खिडकीतून ढग बघत तिघींचं जेवण जेवले.”

सगळ्या हसल्या आणि विषय तिथेच राहिला. हसण्यात वाहून जाणारे विषय फार असतात आपल्याकडे. शेवटी मतं घेतली, सामना घ्यायचा ठरला. नर्सबाईंनी विरोधात हात वर केला आणि मग छपराच्या पत्र्यांची जबाबदारीही स्वतःच घेतली. अशी बाई शंभरात एक.

तू तिथे नीट जेवतेस का? हा प्रश्न तुला आवडत नाही, माहीत आहे. म्हणून एकदाच विचारते.

आत्या


९ मार्च

चिमणे, चिमणे, चिमणे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस. गाडीत असशील तर गाडी बाजूला घे.

सामना आंतरराष्ट्रीय म्हणजे वजनाचा काटा सरकारी माणसाने तपासून शिक्का मारलेला हवा. महासंघाचा नियम. आपल्याला कुठे माहीत! गेल्या वेळी आपण पाहुणे होतो, काटा त्यांचा होता. आता यजमान आपण. म्हणून आज वजनमापे खात्याचे निरीक्षक आले. बारीक चणीचे गृहस्थ, हातात पेटी, पेटीत लोखंडी वजनं. चहा नको म्हणाले, खुर्ची नको म्हणाले, थेट काट्याकडे गेले.

तुला तो काटा आठवतोच. तू कशी विसरशील? बटाट्याच्या घाऊक व्यापाऱ्याने दुकान मुलाकडे देताना मंडळाला भेट दिलेला. आपण त्याचा सत्कार केला होता, आणि हार मीच घातला होता.

निरीक्षकांनी पहिलं वजन ठेवलं, दुसरं ठेवलं. काट्याकडे बघितलं, चष्मा पुसला. तिसरं, चौथं ठेवलं. मग म्हणाले, “याच्यावर काय मोजता?”

“माणसं,” दादा म्हणाला.

“मग ठीक आहे. बटाटे मोजत असता तर गिऱ्हाइकाने मारलं असतं. हा काटा जास्त दाखवतो. जेवढं ओझं जड तेवढं जास्त. मुद्दाम केलेलं काम दिसतंय, आणि चांगलं जुनं आहे.”

मग नर्सबाईंनी पुढे होऊन विचारलं, “समजा आठ जणींच्या बेरजेत एखादी मुलगी याच्यावर तिच्या वाट्याच्या मर्यादेपेक्षा चार-साडेचार किलो जास्त भरत असेल, अंगाने चांगली दांडगी मुलगी, तर खरं वजन?”

निरीक्षकांनी बोटांवर काहीतरी केलं. “मर्यादेतच असेल की ती. कदाचित थोडी आतच.”

चिमणे, ऐकलंस? तू मर्यादेत होतीस. तू आधीच होतीस. तीन महिने उकडलेल्या भाज्या खाऊन, पायऱ्या चढून-उतरून, रात्री पाणी पिऊन झोपून तू जे उतरवत होतीस ते कधी तुझ्या अंगावर नव्हतंच. ते त्या बटाटेवाल्याच्या काट्यात होतं. म्हणून तर शेवटच्या रविवारी तू रडून सांगत होतीस, “मी खात नाही हो बाबा,” आणि काटा हलत नव्हता, आणि दादाने सगळ्यांच्या देखत तुझं नाव संघातून काढलं. म्हणून तुझ्याशिवाय आम्ही तिकडे गेलो आणि हलक्या भरलो. सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मला तर हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि निरीक्षक घाबरून म्हणाले, “बाई, दुरुस्त करता येतो काटा.”

माझ्या लाँड्रीतला काटा टांगता, चादरींची गाठोडी अडकवायचा. त्याला तुला कुठे अडकवणार होते मी? नाहीतर तेव्हाच सोक्षमोक्ष लागला असता.

व्यापाऱ्याला निरोप धाडला. त्याने उलट निरोप दिला, “गोण्यांना चांगला चालत होता.” निर्लज्जम् सदासुखी.

आणि दादा? दादा बाहेर गेला आणि मैदानाच्या रोलरवर जाऊन बसला. अजून तिथेच असेल. मी काही बोलवायला गेले नाही. बसू दे.

पोरी, माझ्या छातीवरचं केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! मला तुझ्यावर विश्वास होता, पण विश्वास दाखवता येत नाही. लोखंडी वजन दाखवता येतं.

आत्या


२३ मार्च

चिमणे,

या वेळचं कार्ड बरं होतं. पूर्वीपेक्षा एक शब्द जास्त, म्हणून बरं. ‘बाबा काय म्हणाले?’

खोटं सांगत नाही. काही म्हणाला नाही.

काट्याची दुरुस्ती करून घेतली, शिक्का आणला, छपरावर चढला, टायर उचलले, चुन्याची रेघ स्वतः मारली आणि वाकडी झाली म्हणून पुन्हा मारली. सगळं करतो. एवढं एक वाक्य सोडून. मी चार दिवस वाट पाहिली, मग ताट वाढून समोर बसले.

“दादा, पोरीला काय सांगायचं?”

“आता म्हणून काय उपयोग? दोन वर्षं गेली.”

“उपयोग तुला नाही, तिला आहे.”

“पत्रात लिही ना तू. की काटा बिघडलेला होता.”

“ते लिहिलं. काट्याची माफी काट्याने मागितली. तुझं काय?”

ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. मग म्हणाला, “मी संघातून तिचं नाव काढलं त्या दिवशी मला वाटलं, मी किती न्यायाने वागतोय. स्वतःची पोरगी, तरी सोडली नाही. लोकांनीही मान डोलावली. मला ते आवडलं होतं गं.”

चिमणे, हे त्याने मला सांगितलंय, तुला सांगायला नव्हे. मी सांगून टाकते. माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यालाही ठाऊक आहे, त्यामुळे कदाचित सांगायलाच सांगितलं असेल. त्याचं असंच, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

मी सांगून ठेवलंय, जोवर तो सगळ्यांसमोर बोलत नाही, तोवर त्याचे शर्ट या टेबलावर येणार नाहीत. सध्या डेपोत चुरगळलेला जातो. लोक विचारतात, तब्येत बरी नाही का.

तू येऊ नकोस. मीच सांगते, येऊ नकोस. तू अट घातलीस ती चुकीची नव्हती. सामना होईल नाहीतर बुडेल, तुझा शब्द त्याहून मोठा आहे. शेवटच्या जागेचं आम्ही बघू. ती कुणाला दिली हे मात्र आत्ता सांगत नाही, तू हसशील.

आत्या


१९ एप्रिल

माझ्या चिमणे,

झाला सामना. आता दम खाऊन सगळं सांगते. दोराने हात सोलवटलेत, अक्षर गोड मानून घे.

पाहुण्या परवा आल्या. मला वाटलं होतं, परदेशी संघ म्हणजे कुणी मोठ्या असतील. एकजण पोस्टात, एकजण पाव भाजणारी, दोघी बहिणी गाई सांभाळतात, एकजण शिक्षिका. रजा मिळवताना प्रत्येकीला साहेबाशी भांडावं लागलेलं. दुभाषी मुलगी सांगत होती, त्यांच्याकडेही लोक विचारतात, ‘दोर ओढायला विमानाने कशाला जाता?’ हे ऐकून नर्सबाई त्यांच्या गळ्यातच पडल्या. भाषा नाही, काही नाही, दोघी-तिघी बसून एकमेकींच्या तळहातावरचे घट्टे बघत होत्या.

आज सकाळी वजनं. खोलीत नाही, नियमाप्रमाणे मैदानावर, सगळ्यांदेखत. गर्दी बरी होती. डेपोतले सगळे, हॉस्पिटलातल्या नर्सेस, माझी गिऱ्हाइकं. शिवणवाल्या काकू आल्या होत्या, लांब झाडाखाली उभ्या. आपल्या आठ जणी एकामागून एक चढल्या. आठवी मी. हो, मी! शेवटची जागा मला दिली होती. हस आता. बावन्नाव्या वर्षी तुझी आत्या दोर अंगाभोवती घेऊन उभी राहिली. कंडक्टरीण म्हणाली, “आत्या, तुम्ही नुसत्या उभ्या राहा, बाकी तुमचा स्वभाव करेल.”

बेरीज झाली. पंचांनी सांगितलं, मर्यादेत अजून जागा आहे. कर्ण्यावर एवढं बोलून ते पुढच्या कामाला लागले, तेवढ्यात दादाने कर्णा घेतला. चुरगळलेला शर्ट, चुन्याने भरलेले हात. मला वाटलं, स्वागत करतोय.

“ही जी जागा आहे,” तो म्हणाला, “ती माझ्या मुलीची आहे.”

मग थांबला. इतका थांबला की कुणीतरी कर्णा बिघडला म्हणून वायर हलवायला धावलं.

“दोन वर्षांपूर्वी इथेच, तुम्हा सगळ्यांसमोर, मी तिला चोरून खाणारी म्हटलं. तिने खाल्लं नव्हतं. ती उपाशी होती, आणि खरं बोलत होती. काटा खोटा होता. पण काट्याचं राहू द्या. माझ्यापुढे दोघं होती, एक लोखंडाचा आणि एक माझ्या रक्ताची. मी लोखंडाचं ऐकलं. तिने सांगितलं होतं, हे सगळ्यांसमोर म्हणा. म्हटलं.”

आणि कर्णा खाली ठेवला.

आता पुढची गंमत ऐक. दुभाषी मुलगी बिचारी भराभर सांगत होती. पाहुण्यांच्या पंचांना वाटलं, यजमानांनी काट्याबद्दल तक्रार केली! ते धावत काट्याकडे गेले, स्वतः वर चढले, खाली उतरले, शिक्का तपासला. पाच मिनिटं नुसता गोंधळ. कुणी म्हणे सामना रद्द, कुणी म्हणे पुन्हा मोजा. शेवटी दुभाषीने ओरडून सांगितलं असावं की अहो, हे बापलेकीचं आहे, कारण एकदम सगळं शांत झालं. मग त्यांची ती पाव भाजणारी, त्यांच्या दोराच्या शेवटी उभी राहते ती, तुझ्याहूनही दांडगी, ती चालत दादाकडे आली. मला वाटलं, झापते आता. तिने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणाली, “त्या विचारतायत, तुमची मुलगी अजून ओढते का? त्यांना पुढच्या वर्षी समोर तीच हवी.”

तुझा बाप रडला गं. सगळ्यांसमोर, दोन देशांसमोर. तू म्हटलेलं, सगळ्यांसमोर. त्याने व्याजासकट फेडलं. शिवणवाल्या काकू झाडाखालून पुढे आल्या आणि त्याला स्वतःचा रुमाल दिला.

सामना? हरलो. पहिली ओढ त्यांनी घेतली. दुसरी आपण घेतली, का घेतली देवाला ठाऊक, मी डोळे मिटून मागे झुकले होते आणि उघडले तर सगळ्या माझ्या अंगावर पडून किंचाळत होत्या. तिसरी त्यांची. मी जमिनीत रुतले होते म्हणावं तर जमिनीसकट गेले. पाठ दुखतेय, आणि तरी आज मला काहीही दुखत नाही.

संध्याकाळी पाहुण्या आणि आपण मिसळून, वजन न बघता, नुसतं ओढलं. शिवणवाल्या काकू चपला काढून घुसल्या. नर्सबाई हसून हसून दोरावरच बसल्या, पंच शिट्टी मारायचं विसरले. मग तिथल्या तिथे ठरलं, बैठक नको नि ठराव नको. परदेशी सामना असेल तेव्हा काटा बाहेर काढायचा, एरवी तो कपाटात. रविवारी ज्याला दोर धरता येतो त्याने यावं.

बैठकीतली ती वजाबाकी मी आज पुन्हा करून बघितली. परदेशच्या सामन्याने तुला आमच्यापासून तोडलं आणि परदेशच्याच सामन्याने तुझा शब्द खरा करून दिला. नफा की तोटा, मला अजूनही कळत नाही. पण आज रात्री मी झोपणार आहे, एवढं नक्की.

दादाचे सहा शर्ट टेबलावर पडलेत. तो समोर बसलाय, पेन मागतोय. म्हणतो, खाली थोडी जागा ठेव. ठेवते.

आत्या

चिमणे,
तुझ्या आत्याने सगळं लिहिलंच असेल, मी वाचलं नाही. तू खरं बोलत होतीस. मी रविवारी स्टँडवर येऊन थांबतो, तू आलीस तर ठीक, नाही आलीस तर पुढच्या रविवारी थांबतो. येताना पोटभर जेवून नीघ, वाटेत काही मिळत नाही.
बाबा